संदर्भ-फोटोतली महिला

तासगाव,
११ मार्च २०२५

प्रिय शंभू,

'प्रिय' हे सवयीने लिहिलं गेलंय, त्याचा फार अर्थ काढू नकोस. इकडे सगळं ठीक. अब्बांचा गुडघा दुखतो, तरी स्टुडिओत येऊन बसायचं काही सोडत नाहीत. पासपोर्ट फोटोला कुणी आलं की अजूनही स्वतःच कॅमेरा हातात घेतात आणि 'हनुवटी वर' म्हणून गिऱ्हाइकाला दम भरतात. रोजे चालू आहेत, ऊन मी म्हणतंय, आणि त्यात बेदाण्याचा हंगाम. राजेश्वरीला सलाम सांग. तुझी बायको आहे म्हणून तिच्यावर माझा राग नाही. सृष्टीच्या वाढदिवसाचे फोटो पाहिले, तुझी लेक अगदी आजीवर गेलीये. तू कसा आहेस ते विचारत नाही, कारण आत्ता मला ते जाणून घ्यायचं नाही.

पत्र अशासाठी की माझे व्हॉइस मेसेज तू दुप्पट वेगाने ऐकतोस, हे तूच एकदा हसत सांगितलं होतंस. माझा हा राग असा घाईने ऐकलेला मला चालणार नाही.

फोटो कसा हवा ते सांगणारं तुझं ब्रीफ मिळालं. त्यातल्या ओळी तुलाच वाचून दाखवते, कारण लिहिताना तू त्या वाचल्या असशील असं मला वाटत नाही. 'अस्सल ग्रामीण महिला, बेदाणा निवडताना. चेहरा संदर्भ-फोटोतल्या महिलेचाच हवा. नऊवारी, शक्यतो हिरवी. हिरवा चुडा, नथ. अंगावर शर्ट नको. डोक्याला टॉवेल नको. चेहऱ्यावर समाधान.'

संदर्भ-फोटोतली महिला! अरे, ती तुझी आई आहे. अंबूबाई लालासाहेब जमदाडे. अर्धं तासगाव तिला कंडक्टरीणकाकू म्हणून ओळखतं, आणि तिच्या पोटचा मुलगा पुण्यात एसीत बसून तिला 'संदर्भ-फोटोतली महिला' म्हणतो. आणि हिरवा चुडा? काका जाऊन बारा वर्षं झाली, शंभू. हे टाइप करताना तुझी बोटं कशी वळली?

नथ घालून बेदाणा निवडायला कोण बसतं रे? बेदाण्याच्या शेडवर नऊवारीतली एक तरी बाई दाखव मला. बेदाणा चिकट असतो, गंधकाच्या धुरीने अंगाची आग होते, म्हणून बायका साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना फुल शर्ट घालतात आणि डोक्याला टॉवेल गुंडाळतात. हे मी तुला सांगायचं? शाळा सुटली की दप्तर टाकून तू त्याच शेडवर क्रेट पालथं घालून बसायचास. काकूंच्या अंगात काकांचा एसटीचा खाकी शर्ट असतो, खिशावर बिल्ला लावायची जागा विरलेली. तो शर्ट तू ओळखत नाहीस असं म्हणू नकोस.

तुझी कंपनी म्हणेल, ही नौशीन जुन्या वळणाची, हिला धंदा बदललेला कळत नाही. मला चांगला कळतो. नऊ वर्षांपूर्वी आपण दोघांनीच तयार फोटो विकणाऱ्या स्टॉक साइटवर आपले फोटो टाकायला सुरुवात केली ना? तेव्हा जे समोर असेल ते टिपायचं, त्याला शब्द चिकटवायचे, 'द्राक्ष', 'बाई', 'शेती', 'भारत', आणि साइटवर टाकून विसरून जायचं. मग कुठला तरी माणूस कुठल्या तरी देशात ते घ्यायचा. काकूंचा तो फोटो, तुझा हा संदर्भ-फोटो, असाच गेला. 'उन्हात काय उभं ऱ्हायलाय, आत या,' म्हणून त्यांनी आपल्याला नुकतंच झापलं होतं, आणि झापताझापता मान वर केली तेवढ्यात मी बटण दाबलं. ओंजळीत बेदाणा, अंगात खाकी शर्ट, डोळ्यांत अजून राग. आपल्या सगळ्या फोटोंत तोच सर्वांत जास्त खपला. बँकेला चालला, औषधाला चालला, खताला चालला.

त्यानंतर मशीनने केलेली चित्रं आली. सगळ्या बायकांचे दात सारखे आणि हाताला कधीकधी सहा बोटं. स्टॉकचा धंदा बसला तो तेव्हा. आता कंपन्यांना खरं माणूस हवं, खरी जागा हवी, आणि ती फक्त त्यांच्यासाठी हवी. त्यात वाईट काय? मीच तुला म्हटलं होतं, हे बरं झालं. निदान फोटो कुठे जाणार ते आधी कळेल, त्या माणसाला विचारता येईल. तुझ्या पहिल्या तीन ऑर्डरी मी किती हौसेने केल्या, आठव. पाटणच्या त्या मधवाल्यांचे फोटो अजून माझ्या भिंतीवर आहेत.

पण तुमच्या या कस्टममध्ये, म्हणजे मागणीवरून काढलेल्या फोटोंत, आधी गिऱ्हाईक येतं, आणि फोटो डोक्यात काढूनच येतं. मग खरं माणूस शोधायचं आणि त्या डोक्यातल्या फोटोत कोंबायचं. काकूंचा तो जुना फोटो दुसऱ्याच कुणाच्या तरी बेदाण्याच्या पाकिटावर सापडला, म्हणून या बेदाण्याच्या कंपनीला काकू आता फक्त स्वतःच्या पाकिटावर हव्यात. मान्य. पण मग काकू घ्या ना. चेहरा तेवढा त्यांचा घ्यायचा आणि बाकी सगळं पुसून टाकायचं, तर त्यापेक्षा ते मशीन काय वाईट होतं? ते निदान कुणाला कपडे बदलायला लावत नव्हतं.

तेव्हा दोन गोष्टी कर. कंपनीला कळव की फोटो मिळेल तो शर्टासकट. आणि 'ही बाई माझी आई आहे', हेही कळव. शूटचं म्हणशील तर ते शनिवारी उरकलं, त्याबद्दल सावकाश लिहीन. पण तुझं उत्तर आल्याशिवाय एकही फोटो इथून हलणार नाही.

अजून तरी तुझीच मैत्रीण,
नौशीन


तासगाव,
१९ मार्च २०२५

शंभू,

परवा तुझा फोन आला. पत्राला फोनने उत्तर देणारा माणूस तू, तरी म्हटलं ऐकावं. पहिली पाच मिनिटं तू तारीख, छपाई, कंपनीचा मॅनेजर असलंच काहीतरी बोललास, आणि मी फोन ठेवणार एवढ्यात ते सांगितलंस. तीन वर्षांपूर्वी तुला इंटरनेटवर कुठली तरी परदेशी पुस्तिका दिसली, त्यात काकूंचा तोच फोटो, आणि खाली छापलेलं, 'तुरुंगातल्या स्त्रिया'. खाकी शर्टामुळे. स्टॉकवर टाकलेला फोटो, कुणीही घ्यावा, काहीही म्हणावं. तू कुणाला बोलला नाहीस, राजेश्वरीलाही नाही. 'म्हणून शर्ट नको, नौशीन. माझ्या आईला पुन्हा कुणी कैदी म्हणायला नको.'

ऐकून मला गलबलून आलं, खरं सांगते. आणि मग पहिल्यापेक्षा जास्त संताप आला. चूक केली ती न विचारता छापणाऱ्याने, आणि शिक्षा शर्टाला? चुड्याचं विचारलं तर म्हणालास, ते कंपनीचं होतं. कंपनीचं असेल, पण खाली नाव तुझं होतं. तुझ्या आईच्या हातात काय असावं हे कंपनीने ठरवलं आणि तू मान डोलावलीस.

आता माझं.

मागच्या पत्रात मी शूटचं 'सावकाश' म्हणून टाळलं. एवढं तावातावाने तुला लिहिलं, आणि त्या शनिवारी काकूंच्या अंगातला शर्ट मीच काढायला लावला होता. 'काकू, खाकी रंगाने फोटो काळपट येतो,' असं खोटं सांगितलं. त्यांनी बटणं सोडली, शर्टाची नीट घडी केली, क्रेटवर ठेवली. बांगड्यांची आणि नथीची पिशवी मी गाडीतच राहू दिली होती, आणि त्यावरच मनाची समजूत घालत होते की बघ, तू काही अगदीच वाईट नाहीस. काकूंचे हात मनगटापर्यंत काळे आणि वर एकदम गोरे आहेत, इतकी वर्षं फुल शर्टात काम केलेले. ते झाकायला त्या सारख्या पदर ओढत होत्या. सगळ्या फोटोंत एक हात पदराशी आहे. शेडवरच्या बाकीच्या बाया निवडणं थांबवून बघत होत्या, आणि मी 'हसा काकू, हसा' म्हणत होते. त्या हसल्या. समाधान पाहिजे होतं ना तुम्हाला, तेही दिलं त्यांनी.

मी हे का केलं? तुझं काम माझ्या हातून जाईल म्हणून. स्टॉक बसल्यापासून लग्नं सोडली तर माझ्याकडे तुझ्याच ऑर्डरी आहेत. राग करायला मी तयार, पण ऑर्डर सोडायला तयार नव्हते.

काल सकाळी काकू स्टुडिओत आल्या. शूटनंतर मी त्यांच्याकडे संमतीपत्र दिलं होतं, सही करून आणा म्हणून. कागद पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला. सही नव्हती. चौथीपर्यंत शिकलेली बाई, बोट फिरवत वाचत वाचत त्या एका ओळीवर थांबल्या होत्या. 'काम देणाऱ्याचे नाव : शंभूराज लालासाहेब जमदाडे.'

"हे शंभूनं सांगितलंय व्हय?"

मी हो म्हटलं.

"आन् तो आधीचा फोटू, तुज्या भिंतीवरचा. त्योबी इकला हुता?"

"विकला, काकू. पुष्कळ ठिकाणी."

"त्याला असला कागद लागला आसंल की. मग मी कवा सही केली?"

शंभू, त्या कागदावर तुझ्या आईच्या नावाची सही तू केली होतीस, आणि साक्षीदार म्हणून खाली मी. आपण हसलो होतो तेव्हा. 'काकूंना काय विचारायचंय, घरचाच फोटो.' नऊ वर्षं हे आपण एकमेकांजवळही काढलं नाही. काल मी काढलं. पुस्तिकेचंही सांगितलं, कारण एकदा तोंड उघडल्यावर मला थांबताच येईना. अब्बा कोपऱ्यात खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी मान खाली घातली, माझ्याकडे बघितलंच नाही.

काकू रडतील असं वाटलं होतं. त्या आधी चक्क हसल्या.

"कैदी? आगं पोरी, ते एस्टीत हुते, तुरुंगात न्हवते! बत्तीस वरसं नोकरी केली, एक तिकीट इकडचं तिकडं झालं न्हाई." मग हसू गेलं. "शंभूला त्या शर्टाची लाज वाटली म्हणायची."

"लाज नाही काकू, त्याला वाईट वाटलं."

"वाईट वाटलं आसतं तर मला सांगाया आला आसता. लाज वाटती तवाच माणूस दुसऱ्याच्या तोंडनं सांगतो."

याचं उत्तर तुला सुचलं तर तू दे.

मग त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या हातात दिली. "शर्ट काढाया माजी ना न्हाई. त्या दिशी तू म्हनलीस, मी काढला. लय बारीक गोष्ट हाय. पर ज्याला नको हाय, त्यानं माज्या म्होरं यावं आन् आपल्या तोंडानं सांगावं. त्यानं सांगितलं की काढती, आन् सही बी करती."

एवढं बोलून त्या शेडवर गेल्या. हंगाम आहे, खाडा करून चालत नाही.

त्या गेल्यावर शनिवारचे सगळे फोटो मी पुसून टाकले. कॅमेऱ्यातले, कॉम्प्युटरवरचे, सगळे. तेव्हा कंपनीला पाठवायला माझ्याकडे काही नाही आणि तुझ्याकडेही नाही. चिडायचं असेल तर इथे येऊन चीड. तुझी पुढची कामं दुसऱ्या कुणाला द्यायची असतील तर खुशाल दे. मलकापूरचा पप्पू चांगले फोटो काढतो, आणि ब्रीफबरहुकूम काढतो.

कोरं संमतीपत्र सोबत जोडलंय. रविवारी शेड अर्धा दिवस असते. दुपारी दोनपर्यंत ये. मी कॅमेरा लावून ठेवते आणि बाजूला होते. मी उभी राहते त्या जागी तू उभा राहा. समोर काकू बसलेल्या असतील. तुझं ब्रीफ हातात घे आणि त्यांच्याकडे बघून मोठ्याने वाच, पहिल्या ओळीपासून. चुड्यापर्यंत वाचू शकलास तर तू म्हणशील तसा फोटो मी काढून देते.

तुझ्याइतकीच दोषी,
नौशीन