एका तिकिटावरची दोन माणसं

करी रोड, मंगळवार १२ मार्च, संध्याकाळ

रिपोर्टचा गुंता सुटला. सुटणारच होता, चूक माझ्या हातून निसटत नाही.

लालबागच्या संस्थेसाठी जुन्या गिरणी कामगारांच्या यादीचा प्रोग्राम करतेय. स्क्रीनवरच्या तक्त्यात सगळी नावं दिसतात, छापली की तीन गळतात. दोन दिवस त्या तक्त्याला शिव्या घातल्या, प्रिंटरही बदलून पाहिला. कारण तिसरंच निघालं. एका तिकीट नंबरावर, म्हणजे गिरणीतल्या हजेरीच्या नंबरावर, एकच नाव छापायचं, हा नियम मीच घातलेला. दोन माणसांचा नंबर एक असेलच कसा? टायपिंगची चूक असणार, असं धरून चालले होते.

आज छापलेला कागद घरी आणला. बाबा ८२च्या संपापर्यंत गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर होते. चष्मा लावून त्यांनी शेवटपर्यंत वाचला.

"ह्यात बदलीवाले खंय गेले?"

"कोण बदलीवाले?"

"कायमवालो गावाक गेलो की त्येच्या तिकिटावर दुसरो उभो रवायचो. नंबर एकच, माणसां दोन."

म्हणजे ती तीन नावं खरीच होती. उद्या नियम काढते, नंबरासोबत नावही ताडून बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

मग सहज विचारलं, "तुम्ही कायम कधी झालात?"

"मी कायम झालंय खंय? त्येच्या आदीच संप झालो."

मला हे माहीतच नव्हतं. या यादीसाठीचा बाबांचा फॉर्म घरचाच, सावकाश भरू म्हणून मी शेवटी ठेवला होता. उद्या तो पहिला भरते, आणि त्यांचं नाव येतं का ते छापून बघते.