म्युरित्स तलावावर आईंबरोबर

२० मे २००७, रविवार. एर्लांगेन

आई जर्मनीला येऊन तीन आठवडे झाले. सासूबाई खऱ्या, पण मी आईच म्हणते. अजून स्वयंपाकघराची खिडकी उघडायची तर मला विचारतात.

आज जेवणानंतर त्यांनी बॅगेतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि प्रशांतपुढे ठेवला. गोंदियाकडच्या त्यांच्या गावातल्या मच्छीमार सोसायटीचा. बाबा गेले, त्यांची सभासदाची जागा रिकामी आहे. ती आईंना स्वतःच्या नावावर हवी. मुलाची संमती लागते, एका सहीचं काम.

प्र.नं वाचला, परत घडी घातली. "बघू."

त्याच्या मनात आई नागपूरला राहायच्या होत्या, त्याच्या बहिणीच्या शेजारी, त्यानं घेतलेल्या फ्लॅटमध्ये. सगळं ठरलं होतं. म्हणजे त्यानं ठरवलं होतं.

२३ मे, बुधवार

सकाळी भांडण, हळू आवाजात, कारण आई पलीकडच्या खोलीत.

प्र.: "आमच्यात बायका डोंग्यात चढत नाहीत. गाव काय म्हणेल?"

मी: "बाबांचे डोळे गेले तेव्हा चार वर्षं डोंगा कोण हाकत होतं?"

ती चार वर्षं तो इथे होता, हे मी बोलले नाही. बोलायला नको होतंच, पण तोंडापर्यंत आलं होतं.

गावाची त्याला काही पडलेली नाही. ऑफिसात बाबांबद्दल विचारलं की "लाण्डविर्टशाफ्ट" सांगतो, शेतीखातं. महाराष्ट्र मंडळातही तेच. सहा वर्षं मी शेजारी बसून मान हलवते आहे. घरात मासा शिजवू देत नाही, जिन्यात वास जातो म्हणून. जिन्यात तर सगळ्यांच्या घरचा वास असतो.

३० मे, बुधवार

योखेन, प्र.चा बॉस. दर जूनमध्ये उत्तरेला म्युरित्सला जातो, झांडर नावाच्या माशासाठी. विणीच्या दिवसांतली बंदी तेव्हा नुकतीच उठलेली असते. यंदा बायको हाइकेला गुडघ्यामुळे येता येत नाही, बंगल्यातली एक खोली रिकामी. म्हणाला, तुम्ही तिघं चला. आईला पाणी बघायला मिळेल, इथे काय बघणार, पार्किंग?

बॉसला नाही म्हणणं प्र.ला जमत नाही. घरी येऊन मला म्हणतो, "मासे. दुसरं काही सुचलं नाही त्याला."

आईंना सांगितलं. "किती मोठा तलाव?" एवढंच विचारलं.

६ जून, बुधवार. म्युरित्स

सहा तास गाडीत. योखेन आमच्या पुढे. बर्लिननंतर सपाट, पाइनची झाडं, आभाळ फार. बंगला लाकडी, पश्चिम किनाऱ्यावर, दारापासून वीस पावलांवर धक्का.

पलीकडचा काठ दिसत नाही. आई बॅगा उतरवायच्या आधी धक्क्याच्या टोकाला जाऊन बसल्या, चप्पल बाजूला, पाय पाण्यात. मी स्वेटर नेऊन दिला. तो त्यांनी मांडीवर ठेवला, घातला नाही.

"नवेगावच्या तलावाहून मोठा आहे वो बाई हा," म्हणाल्या. थोडं दुखल्यासारखं.

७ जून, गुरुवार

एर्लांगेनला आज सणाची सुट्टी, इथे उत्तरेत नाही. बरं झालं, नगरपालिकेचं ऑफिस उघडं होतं. मासे धरायला परवाना लागतो, एरवी परीक्षा द्यावी लागते, पण पाहुण्यांना चार आठवड्यांचा साधा मिळतो. प्र.साठी गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी आईंकडे बघून विचारलं, "आणि या?"

कोणी काही बोलायच्या आत मी हो म्हटलं आणि पासपोर्ट पुढे केला.

दहा मिनिटांत कागद हातात. सुमित्रा, पुढे आडनाव, शिक्का. आईंनी उलटापालटा करून पाहिला.

"इथं पोराची सही नाई लागत?"

प्र. खिडकीबाहेर बघत होता. आई टोमणा मारत नव्हत्या, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून जास्त लागलं असेल त्याला.

संध्याकाळी योखेननं प्र.ला गळाच्या दोरीच्या गाठी शिकवल्या. धीरानं, एकेक करून. प्र. मन लावून चुकत होता. आई कोबी चिरता चिरता लेकाच्या बोटांकडे पाहत होत्या. मग योखेननं विचारलं, आईंना विचार, त्यांचे मिस्टर काय करत होते?

प्र.नं आईंना विचारलंच नाही. स्वतःच उत्तर दिलं. लाण्डविर्टशाफ्ट.

आई: "का म्हणते तो?"

प्र.: "बाबांचं विचारत होता."

"मंग तू का सांगतलं त्याले?"

"सांगितलं."

आईंना जर्मन येत नाही. पण मुलाचा आवाज येतो. कोबी चिरून झाला, सुरी धुतली, झोपायला गेल्या. मला दोघांचाही राग आला, आणि स्वतःचा.

८ जून, शुक्रवार. (दुपारी लिहिलं)

पहाटे चारला पाण्यावर. इथे चारला उजाडतं. केशरी जाकिटं घालून आम्ही चौघं, योखेन मोटरवर. झांडर उजेडाला भितो, म्हणून पहाटे नाहीतर संध्याकाळी. तळाशी रबराचा मासा उड्या मारत न्यायचा, झांडरनं घेतला की हाताला फक्त टक् असं लागतं.

आईंनी वाऱ्याची दिशा बघितली, लव्हाळ्याच्या एका टोकाकडे बोट केलं. योखेन लगेच तिकडे घेऊन गेला, कौतुकानं. एक तास. काही नाही, नुसतं शेवाळ. आई हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून. "मले का माहीत इथलं. माझा तलाव थोडी आहे हा." इतकं हसताना त्यांना बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मग योखेनच्या जागी गेलो आणि तिथे मिळाला. योखेनला, दोन किलोचा असेल. काचेसारखे डोळे, पुढे दोन सुळे. होडीच्या कडेशी आल्यावर उसळला, जाळी रॉडमध्ये अडकली, योखेन गडबडला. आईंनी वाकून, गालफडामागे धरून, अलगद आत घेतला. ओरखडासुद्धा नाही.

योखेन म्हणाला, "आल्झो." म्हणजे, असं होय तर.

प्र. जाळी सोडवत बसला. गरजेपेक्षा जास्त वेळ.

८ जून, परत, झोपायच्या आधी

लिहून ठेवते.

पाचला पुन्हा निघालो. बरंच आत गेल्यावर पश्चिमेकडे आभाळ काळं झालं. योखेननं वळवायला घेतलं आणि मोटर बंद. पाच-सहा वेळा दोरी ओढली, मग त्याच्या तोंडावरचा रंग गेला. मार्चमध्ये खांद्याचं ऑपरेशन झालंय, वल्ही मारता येत नाहीत. आणि वारा आमच्या बंगल्याकडूनच येत होता, म्हणजे आम्हाला उघड्या पाण्यात ढकलत होता. लाटा मोठ्या नव्हत्या, आखूड होत्या, एकामागे एक. पाणी आत येत होतं. मला पोहता येत नाही.

आई म्हणाल्या, "वल्हं दे मले."

प्र.: "आई, बस तू."

"मंग तू घे. कोणी तरी घे."

त्यानं घेतलं. पहिले चार-पाच हात वेडेवाकडे. मग आईंनी तळातलं सुटं वल्हं उचललं, मागे बसल्या, पाण्यात सुकाणूसारखं धरलं. "सरळ नोको जाऊ. तिरपा घे. बाबा कसे घेत होते? हां. हां." प्रत्येक हाताला एक हां. आणि प्र.ची पाठ बदलली. कसं सांगू, लग्नाला सात वर्षं झाली, ही पाठ मी पाहिलेली नव्हती. खांदे खाली गेले, कंबर हलायला लागली, होडी लाट कापायला लागली. मी डब्यानं पाणी उपसत होते. पाऊण तास. मध्ये पाऊस. आणि आईंचं ते हां.

बंगल्यापासून किलोमीटरभर खाली लव्हाळ्यात लागलो. योखेन उतरला, होडीचा दोर धरून उभा राहिला, मग विचारलं, "हे कुठे शिकलास?"

प्र. दमलेला, तळहात सोललेले. म्हणाला, "वडिलांकडून. ते मासेमार होते." आणि थांबून, "शेतीखातं वगैरे काही नाही. फिशर."

योखेननं जरा विचार केला. "आणि काल दोन तास तू मला गाठी शिकवू दिल्यास?"

प्र. हसला, मग खाली बसला, ओल्या गवतात. रडत होता की पाऊस, मी बघितलं नाही. आईंनी मला हळूच विचारलं, "फिशर म्हणजे का वो?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि जाकिटाचा बंद सोडायला लागल्या. तो त्यांना सुटेना, मी सोडवून दिला.

९ जून, शनिवार

प्र.चे हात फडक्यात गुंडाळलेले. आईंनी त्याला भरवलं, पस्तिशीच्या माणसाला, योखेनसमोर. त्यानं खाल्लं.

झांडर अर्धा योखेननं मैद्यात घोळून लोण्यात तळला, अर्धा आईंनी हळद-तिखट-मीठ लावून तव्यावर. आईंचं मत: "भला मासा आहे. काटाही कमी, चवही कमी." योखेनला भाषांतर करून सांगितलं. गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणाला, आणि तिखटातला दुसरा तुकडा घेतला.

मोटरमध्ये पाणवेल अडकली होती, बाकी काही नाही.

१० जून, रविवार

परतीची वाट. आई मागे झोपलेल्या. प्र.ला विचारलं, आता करशील सही?

"तुला वाटतं मला लाज वाटते म्हणून अडलंय."

"वाटत होती ना?"

"होती." एक ट्रक मागे टाकला. "पण ती बासष्टची आहे, मेधा. परवा आपण चौघं होतो. तिथे ती एकटी असेल. वारा सुटला तर हां म्हणायला कोण आहे?"

लाजेशी भांडता येतं. या काळजीशी कसं...

२४ जून, रविवार. एर्लांगेन

सही झाली. दोन आठवडे कागद फ्रिजवर होता. आज चहा घेता घेता त्यानं घेतला आणि केली. सोबत अटी: एकटीनं जायचं नाही, पावसाळ्यात नाही, गावातल्या त्याच्या चुलतभावाला बरोबर घ्यायचं, दर रविवारी फोन.

आई म्हणाल्या, "बरं."

त्यांचं हे बरं मी आता ओळखते. त्याचा अर्थ फक्त ऐकलं असा होतो. प्र.ही ओळखतो. तरी त्यानं पुन्हा विचारलं नाही.

घरात मासा शिजला आज. खिडक्या बंद होत्या, मीच उघडल्या.

८ जुलै, रविवार

आईंना विमानात बसवलं. फ्रँकफुर्टला व्हीलचेअर नको म्हणाल्या. आत जाताना प्र.चे तळहात उलटे करून बघितले. नवी कातडी आलीय. "राहू दे हे," म्हणाल्या. कातडी की दुसरं काही, आम्हाला दोघांना कळलं नाही. विचारायच्या आत त्या रांगेत.

२ सप्टेंबर, रविवार

सोसायटीची मीटिंग पुढे ढकलली. दोन जण म्हणतात बाईचं नाव घालायचं नाही, तिघं म्हणतात घालू. बाकीचे तिघांच्या तोंडाकडे बघतायत, असं चुलतभाऊ मागच्या आठवड्यात सांगत होता.

आज सकाळी सातला प्र.नं फोन केला, तिथे साडेदहा. चुलतभावानंच उचलला. म्हणजे तो घरी.

"काकू? तलावावर गेली ना. पहाटेच."

"कोणाबरोबर?"

"माहीत नाही बा."

"वारा आहे का?"

"आहे थोडासा."

प्र.नं विचारलं कुठल्या बाजूचा. ऐकून घेतलं. मग म्हणाला, बरं, तासाभरानं करतो परत. फोन ठेवला नाही खाली, हातातच धरून बसलाय. मी चहा ठेवला आहे.