डावीकडच्या सहा ओळी

३ मार्च, दुपार

दादा,

मी मजेत आहे. खोकला गेला, खोलीतला नळ अजून गळतोच. महिना झाला तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी चांगली बातमी. आपलं औषध चालतं, अगदी छातीठोकपणे सांगते. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत बरणीतल्या अळ्यांना औषध लावलेली बटाट्याची पानं दिली. तिसऱ्या दिवशी खाणं बंद, सहाव्या दिवशी सगळ्या गार! तू विचारायचास ना, हे विष नाही तर मारतं कसं? अळीच्या पेशींत सतत निरोप फिरत असतात, अमुक प्रथिन बनव म्हणून. आमच्या औषधातला आरएनए पानाबरोबर तिच्या पोटात जातो आणि त्यातला नेमका एक निरोप तिच्याच पेशींकडून कापून घेतो. ते प्रथिन बनलं नाही की बाईसाहेबांचा खेळ खलास. मधमाशीचे निरोप वेगळे, तिला धक्काही लागू नये असाच तो निवडलाय.

मग तुझ्या शेतात घोडं अडलं कुठे? बटाट्याच्या बारा ओळी होत्या. उजव्या सहांवर मी औषध मारलं, डाव्या सहांवर नुसतं पाणी. डाव्या ओळी अळ्यांनी फस्त केल्या असत्या, तरच फरक दिसला असता. पण बाराही हिरव्यागार. चाचणी तपासायला आलेल्या समितीने तोंडावर सांगितलं, औषधाचा उपयोग शून्य.

परवा वहिनीचा फोन आला. कंबर धरली तरी तू रोज सकाळी बादली घेऊन डाव्या ओळींतल्या अळ्या हाताने वेचायचास म्हणे. तिने अडवलं तर म्हणालास, "पोरीचं औषध या बाजूला कमी पडलंय. तिची फजिती नको व्हायला."

मी हसले आणि मग खूप रडले. त्या ओळींवर नुसतं पाणी आहे, त्या अळ्यांना खाऊ द्यायच्या असतात, हे मीच तुला सांगितलं नव्हतं. तू चार लोकांत बोलशील असं वाटलं. विश्वास ठेवला नाही, हेच खरं.

आता जे टाळतेय ते लिहिते. चाचणीच्या अहवालाची प्रत तुलाही आली, माहीत आहे मला. त्यातले 'शेतमालकाचा निष्काळजीपणा' हे शब्द समितीचे नाहीत, माझे आहेत. तू गुपचूप नेहमीची फवारणी केली असणार, असं मी न विचारताच ठरवून टाकलं. दुसऱ्या कुणावर ढकलायची हिंमत नव्हती. तू माझाच, सहन करशील, असं गृहीत धरलं.

आज सकाळी ते शब्द खोडले आणि चूक माझी, असं सही करून दिलं. आमच्या प्रमुख बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. म्हणाल्या, आणखी एकच हंगाम देते, शेत तेच हवं, मालक तयार असेल तर.

म्हणून विचारते, हक्काने नाही. यंदा डाव्या ओळी तुझ्या डोळ्यांदेखत खाल्ल्या जातील आणि तू हात लावायचा नाहीस. तुला ते किती जड जाईल, हे मला आता कळलंय. नाही म्हणालास तर औषधाचं काम इथेच थांबेल. तरी मी रविवारी येणारच. कागदावर खोडून भागत नाही रे, ते शब्द मला तुझ्यासमोर उभं राहून परत घ्यायचे आहेत.

तुझी चुकलेली,
धाकटी