समुद्राकाठचं पेन्शनरांचं गाव

प्लेनो, १४ ऑक्टोबर २००६

इथला व्हिसा संपतोय आणि आनंदला इंग्लंडमध्ये समुद्राकाठच्या गावात जॉब मिळतोय. आज नेटवर त्या गावाच्या मतदारसंघाची माहिती वाचली. वस्ती बहुतेक पेन्शनरांची, आपली माणसं जवळजवळ नाहीतच. पेन्शनरच पेन्शनर! आमची छोटी ईशा खेळणार कुणाशी?

शेजारचे देशमुखकाका अमेरिकेत येण्याआधी त्याच गावात डॉक्टर होते. संध्याकाळी त्यांना विचारलं, "काका, नुसत्या म्हाताऱ्यांत राहायचं कसं?"

काका हसले. "अगं, मी होतो तेव्हा तरुण होते गं ते सगळे! आमच्या पहिल्या दिवाळीला शेजारची मार्गारेट केक घेऊन आली. दिवाळी म्हणजे काय, तिला धड माहीतही नव्हतं."

मग हळूच म्हणाले, "असेल का गं ती अजून?"

घरी येऊन आनंदला म्हटलं, हो कळवून टाक. गेल्यावर आधी मार्गारेटचं घर शोधायचं.