काकांचं खरं नाव

३ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

काकूच्या कानावर फोनने बातमी गेलीच आहे. पण तुम्हाला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तुम्ही नुसते हो-हो करता, म्हणून हे पत्र. मुलगा झाला. वजन चांगलं आहे, आवाज त्याहून चांगला. ही बरी आहे. दुसऱ्याच दिवशी उठून बसली आणि मला म्हणाली, की आधी दाढी कर, पोरगं घाबरतंय. मी आठवडाभर सुट्टीवर आहे, त्यामुळे कारखान्यात कवळ्यांचा ढीग साठलाय आणि अर्धं शहर सूप पिऊन दिवस काढतंय.

आता मुद्द्याचं. बाळाचं नाव ठरलं, तुमचं. लोक हाक मारतात ते 'मिस्त्री' नव्हे, कागदावरचं खरं. आई-बाबा गेल्यावर मला ज्याने वाढवलं, तेलकट हातांनी शाळेच्या फाटकाशी जो उभा राहायचा, त्याचं नाव नाही द्यायचं तर कुणाचं? त्या नावाचा एक सेनापती होऊन गेला, हे मला ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकात त्याच्यावर एक परिच्छेद होता, परीक्षेत कधी आला नाही. शिवाय हा परका देश, इथे त्याला कोण ओळखतं? ही तर इथलीच. तिला ते नाव कानाला गोड लागतं. पुढच्या महिन्यात कचेरीत नोंद करायची आहे.

काकूला नमस्कार. माझ्यावरचा लोभ आता दोघांत वाटून द्यावा.

तुमचा,
खारू


११ फेब्रुवारी

चि. खारू यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आणि फोटो मिळाला. नाक आपल्या घराण्याचं आहे, त्याला इलाज नाही. काकू जाता-येता त्या फोटोशी बोलते, त्यामुळे माझ्याशी बोलणं कमी झालंय.

नावाचं मात्र नको. रागावू नकोस, ऐकून घे.

मी जन्मलो त्या साली सेनापतीने शत्रूला हाकलून लावलं होतं. रस्त्यात बँड वाजले, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. त्या वर्षी ज्याला मुलगा झाला त्याने डोळे मिटून हेच नाव ठेवलं. माझ्या वर्गात आम्ही सातजण होतो, मास्तर आम्हाला उंचीवरून ओळखायचे. पुढे मी नऊ वर्षांचा असताना सूतगिरणीचे कामगार थकलेल्या पगारासाठी आवारात ठिय्या देऊन बसले. त्याच सेनापतीने फाटकं बंद करायला लावली आणि आत गोळ्या चालवल्या. तुझ्या पुस्तकात तो एक परिच्छेद असेल. आमच्या गल्लीत असा जिना नव्हता, जिथलं एकतरी माणूस त्यात गेलं नाही.

पुढच्या वर्षी वर्गात त्या नावाचा मी एकटा उरलो. बाकीच्यांची नावं घरच्यांनी बदलली. माझे वडील हट्टी. म्हणाले, मुलगा माझा आहे, त्या सेनापतीचा नाही, मी का बदलू? बोलायला त्यांचं काय जात होतं, मार मला बसायचा. मोठेपणी लिफ्टच्या कंपनीत गेलो तेव्हा मुकादमाने नाव विचारलं आणि ऐकून पेन खाली ठेवलं. म्हणाला, हात चांगले आहेत तुझे, पण लिफ्ट लोकांच्या घरात असते. दार वाजवलंस की 'मिस्त्री आलाय' एवढंच सांगायचं. तेव्हापासून मी मिस्त्री.

बाळाला दुसरं कुठलंही नाव ठेव. शेजाऱ्याच्या कुत्र्याचं ठेवलंस तरी मी कौतुकाने हाक मारीन.

सूनबाईला जप. लोभ वाढवा, नाव वाढवू नका.

तुझा,
काका


२० फेब्रुवारी

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुला. काकांना दाखवायचं की नाही ते तू ठरव.

त्यांचा नकार वाचून मी चिडलो होतो. नाव चांगल्या माणसाने वापरलं की धुऊन निघतं, असं लांबलचक उत्तर लिहूनही ठेवलं होतं. पण परवा खालच्या मजल्यावरच्या शिंपीणआजी वर आल्या. त्या आपल्याच देशातल्या. जिन्यात भेटलो की आपल्या भाषेत दोन शब्द बोलतो, तेवढीच ओळख. बाळासाठी लोकरीचं टोपडं विणून आणलं होतं. त्याला मांडीवर घेऊन त्यांनी नाव विचारलं आणि मी उत्साहात सांगून टाकलं.

त्यांनी बाळाला हळूच, मानेला आधार देऊन, हिच्या हातात दिलं. टोपडं टेबलावर ठेवलं आणि खाली निघून गेल्या. हिला आपली भाषा येत नाही, पण काहीतरी बिनसलं एवढं कळलं.

मी मागोमाग गेलो. त्यांनी दार उघडलं. म्हणाल्या, वडील आणि थोरला भाऊ, दोघे सूतगिरणीत होते. बाळाचा त्यात काय दोष, असंही म्हणाल्या, आणि टोपडं बसलं का ते विचारलं. पण आता जिन्यात भेटल्या की बाळाकडे बघून नुसतं 'काय रे, काय रे' करतात.

काकू, तुझ्याकडे तुझ्या भावाचा फोटो आहे. त्याचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. तोही तिथेच होता का? मी काय करू?

तुझा जीव माझ्यावर आहे, म्हणून विचारतो.

खारू


१ मार्च

चि. खारू यास,
आशीर्वाद, आणि बाळाच्या दोन्ही गालांचे पापे.

हो, तिथेच गेला. अठरा वर्षांचा होता. गिरणीत कामालाही नव्हता, मित्राला डबा पोचवायला गेला होता. तू विचारलं नाहीस त्यात तुझी चूक नाही. तो विषय आम्हीच कधी निघू दिला नाही.

मग या माणसाशी लग्न कसं केलं, हे तुझ्या मनात आलं असेल, लिहायचं धाडस झालं नसेल. मी कापडाच्या दुकानात होते. एकदा लिफ्ट मधेच अडकली, आत मी आणि दोन गिऱ्हाइकं. वरून आवाज आला, की घाबरू नका, दोर तुटणार नाही, तुटला तर माझी नोकरी जाईल आणि मला नोकरीची गरज आहे. आम्ही बाहेर निघेपर्यंत हे बोलत राहिले. नाव कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, जीव जडला होता. आईने एवढंच विचारलं, की त्याला दुसरं नाव नाही का? लग्नाला आली, जेवली, पण ह्यांच्याकडे बघितलं नाही. पुढे ती आजारी पडली. तिच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. दवाखान्यात न्यायला ह्यांनीच तिला खुर्चीत बसवून चार जिने उतरवलं आणि चढवलं, दर आठवड्याला. शेवटी शेवटी ती ह्यांना 'बाबा रे' म्हणायची.

ह्यांचा नकार मनापासूनचा आहे. पण तुझं पहिलं पत्र कोपऱ्यावरच्या न्हाव्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना वाचून दाखवून झालंय. ह्यांना हवंय, खारू. ते नाव आपण होऊन कुणी मागावं, हे आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

तरीही मी नाहीच म्हणते. नाव धुऊन निघतं हे खरं असेल, माझ्या घरात निघालंही. पण नाव आपण ठेवतो आणि हाक चारचौघांनी मारायची असते. त्या आजी तुझ्या पोराला रोज जिन्यात भेटणार. त्यांच्या तोंडी येईल असं ठेव. आणि सूनबाईला विचार. नऊ महिने तिने काढले, पत्रापत्री आपणच करतोय.

माया आहेच, ती काही नावावर अडलेली नाही.

तुझी,
काकू


२६ मार्च

चि. खारू यास,
अनेक आशीर्वाद.

नोंद झाल्याचं कळलं. सूनबाईने निवडलेलं नाव छान आहे. मला अजून नीट उच्चारता येत नाही, दाढी करताना म्हणून बघतो. शिंपीणआजी आता खालूनच त्याला नावाने हाका मारतात आणि पोरगं मान वळवतं, हे वाचून बरं वाटलं. मला वाईट वाटलं का, असं विचारलं आहेस. थोडं वाटलं. खोटं कशाला बोलू?

इकडची एक बातमी. तुझ्या काकूने मला आजवर नावाने हाक मारली नव्हती. तिच्या मैत्रिणी आपापल्या नवऱ्यांना खुशाल नावाने बोलावतात, हिचं 'अहो'वर भागायचं. कारण ठाऊक होतं, म्हणून मी कधी विषय काढला नाही. परवा मी पेपर वाचत बसलो होतो आणि स्वयंपाकघरातून तिने माझं नाव घेतलं. घरात आम्ही दोघंच, तरी मी दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून. तिने पुन्हा घेतलं, जरा मोठ्याने. म्हणाली, नळ गळतोय, कधीपासून सांगतेय.

मी उठलो आणि वॉशर बदलला. पाच मिनिटांचं काम, पण पाना हातात धरून तिथेच बसून राहिलो. तिने चहा तिथेच आणून दिला.

बाळाला सर्दी होऊ देऊ नका. आमची आठवण ठेवा, लोभ आहे तसाच राहू द्या.

तुझा,
काका