बंधारा गळत नव्हता

सोमवार, ५ फेब्रुवारी
आठवड्यात चार हात! टेप दोनदा सोडली, दोनदा तेच. पिण्याच्या विहिरीचं पाणी इतकं कधीच उतरलं नव्हतं. बंधाराही निम्म्यावर आलाय. मोजमाप माझ्याकडे, सौरपंपाची किल्ली माझ्याकडे — गावाला सांगू काय?

बुधवार, ७ फेब्रुवारी
बैठकीत मी आकडे वाचले. बंधारा गळतोय असं मीच म्हणाले — दुसरं सुचलंच नाही. झालं! सगळे बंधारा बांधणाऱ्या गवंड्यावर तुटून पडले. सिमेंट खाल्लं, कुणी म्हणालं. तो एवढंच बोलला, "बंधारा गळत नाही." आमच्या ह्यांनी विचारलं, "मग पाणी जातं कुठे?" त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टोपी घालून निघून गेला.

शनिवार, १० फेब्रुवारी
गवंडी परगावी गेला. इथे कुणी काम देईना.

सोमवार, १२ फेब्रुवारी
दुसऱ्या गवंड्याकडून बंधाऱ्याला आतून गिलावा करून घेतला. तरी आणखी तीन हात खाली. डोकं चालत नाही.

बुधवार, १४ फेब्रुवारी
भर उन्हात बंधाऱ्यापासून ओढ्याच्या कडेकडेनं वर गेले. आमचं वरचं शेत लागलं. तिथे आठ सौर पॅनल! ह्यांनी मला सांगितलं होतं, रानडुकरांसाठी कुंपणाला करंट दिलाय. कुंपणाला एक पुरतं. झुडपांमागे जाड पाइप, त्यातून शेततळ्यात धो धो पाणी. बोअर! गावात नवं बोअर घ्यायचं नाही, या ठरावावर पहिली सही ह्यांची आहे.

घरी येऊन विचारलं. नाकारलं नाही. "ऊन फुकटचं आहे. कुणाची वीज चोरली का मी?"
"आणि पाणी?"
ताटावरून उठून गेले.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी
बैठकीत उभी राहिले. बोअर कुणाचं ते सांगितलं, नवऱ्यासमोर. पंप आजच उतरवला. घरात अबोला.

रविवार, १८ फेब्रुवारी
माफी मागायला गवंड्याच्या घरी गेले. तो अजून परतला नव्हता. त्याची बायको भांडी घासत होती, तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं, ताई. त्या बोअरचा ओटा त्यांनीच बांधला. म्हणाले, माझं नाव गेलं तरी चालेल, ताईंचं घर मोडायला नको."