सहावं रीळ

३ तारीख, सोमवार

नोकरी आणि खोली, दोन्ही एकाच आठवड्यात मिळाल्या. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, पूर्वेला खिडकी आणि नळाला दिवसभर पाणी. चित्रपट संग्रहालय इथून चालत नऊ मिनिटं. लोक विसरून गेलेल्या चित्रपटांची रिळं तपासायची, फाटलेली फिल्म सांधायची आणि डब्यातल्या चिठ्ठीवर शेरा लिहायचा, 'पुन्हा पाहण्यासारखा' किंवा 'नाही', हे माझं काम. मला हवं होतं तेच.

धाकटीला फोन केला. आई गेल्यावर आम्ही दोघी मामाकडे वाढलो. आता ती वसतिगृहात आहे, बावीस तारखेला कायमची माझ्याकडे येईल. माझं म्हणावं असं तेवढंच माणूस. खिडकीजवळचा पलंग कुणाचा, असं तिनं विचारलं. आधी येईल तिचा, म्हटलं. म्हणाली, म्हणजे तुझाच की, लबाड.

६ तारीख, गुरुवार

इथे साहेब आहेत, फाटकावर रखवालदार आहे आणि माझ्या शेजारच्या टेबलावर एक ज्येष्ठ बाई आहेत, ज्यांना सगळे मागून 'कात्री' म्हणतात. फिल्म कापतात म्हणून नव्हे. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, अगं, बटणं दाबणाऱ्या पुष्कळ आल्या आणि गेल्या.

वर्षभराच्या चिठ्ठ्या पाहिल्या. सगळीकडे 'नाही', एकाच शाईत. डब्यांची सीलं शाबूत. साहेबांना दाखवलं. त्यांनी विचारलं, तू काम करायला आलीस की आमची परीक्षा घ्यायला? कात्री ऐकत होती. माझ्या टेबलावरचा चांगला दिवा दुपारी गायब झाला.

११ तारीख, मंगळवार

काल कात्रीनं सहा रिळांचा डबा माझ्यापुढे आदळला. म्हणाली, कचऱ्यात हिरे दिसतात ना तुला, मग शोध.

दिग्दर्शकाचं नाव गंजानं खाल्लंय. चित्रपट आठवड्यात थिएटरातून उतरला, एवढीच नोंद. पहिल्या रिळाला पूर्वी कुणीतरी हात लावला होता. सात सांधे व्यवस्थित जोडले होते, आणि मग सातही ब्लेडनं कापले होते. असं का करावं, कळलं नाही. मी ते पुन्हा जोडले.

टेलिफोन एक्स्चेंजमधल्या एका बाईची गोष्ट आहे. साडेचार मिनिटं नुसते तिचे हात दिसतात. तारा काढतात, खोचतात, गावभराच्या लोकांना एकमेकांशी जोडतात. तिला कुणाचाच फोन येत नाही. संवाद एकही नाही. मी तो भाग तीनदा पाहिला. नवी चिठ्ठी घेऊन लिहिलं: 'पुन्हा पाहण्यासारखा'.

१२ तारीख, बुधवार

रखवालदारानं फाटकावर अडवलं. कोण तुम्ही, कुणाला भेटायचंय? ओळखपत्र उलटसुलट पाहिलं, पाहुण्यांच्या वहीत सही करायला लावली. आठ दिवस रोज मला आत सोडणारा माणूस. मी साहेबांकडे लेखी तक्रार दिली, वेळेसकट: नऊ दोन ते नऊ एकोणीस. साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. तो शपथेवर सांगत होता की हिला कधी पाहिलंच नाही. कुणाचा विश्वास बसला नाही. माझाही नाही.

१४ तारीख, शुक्रवार

काल दुसरं रीळ झालं. आज घरमालकिणीनं जिन्यातच विचारलं, कुणाकडे जायचंय? करारपत्र दाखवावं लागलं. वय झालंय त्यांचं.

एका आजोबांचा संग्रहालयात फोन आला. लहानपणी पाहिलेला चित्रपट अचानक आठवला म्हणे, टेलिफोनवाल्या बाईचा. या आठवड्यातला हा चौथा फोन. साहेब खूश आहेत.

१७ तारीख, सोमवार

तिसरं रीळ शनिवारी संपवलं.

आज कात्रीनं मला खुर्ची दिली. यंत्र दुरुस्तीला आलात का, विचारलं. टोमणा चांगला आहे, म्हटलं. ती ओशाळली. "माफ करा हं, आपली आधी भेट झाली आहे का?"

डोळ्यांत थट्टा नव्हती. ही बाई मला 'अगं'शिवाय हाक मारत नाही.

१९ तारीख, बुधवार

काल हट्टानं चौथं आणि पाचवं रीळ एका दिवसात पूर्ण केलं. कामात असले की विचार येत नाहीत.

आज साहेबांनी विचारलं, आपण कुणाच्या पाहुण्या? नेमणुकीचं पत्र दाखवलं. स्वतःची सही ते बराच वेळ पाहत राहिले. फाइलमध्ये प्रत नाही. खात्री होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. सहावं रीळ कात्रीकडे.

मामाला फोन केला. तो म्हणाला, माझ्या बहिणीला एकच मुलगी. रागावून नाही, राँग नंबरला सांगतात तसं.

रिळं पाच झाली, माणसं पाच गेली. एक रीळ उरलंय. आणि —

धाकटीला लावला. पहिल्याच रिंगला उचलला. ताई, पलंगाचं ठरलं का? तुझाच, म्हटलं.

२० तारीख, गुरुवार

ते कापलेले सात सांधे. माझ्याआधी कुणाला तरी हे समजलं होतं.

सगळे जेवायला गेल्यावर पहिल्या रिळाचे सातही सांधे कापले. जाणूनबुजून फिल्म बिघडवली, आयुष्यात पहिल्यांदा. मग फाटकावर गेले. रखवालदारानं मान वर केली.

"आलात? आज कुणाची तक्रार?"

इतकं गोड मला कधी कुणी बोललं नव्हतं.

सांधे कापले की माणूस परत येतं. उद्या बाकीची. आणि सहावं कात्रीच्या हाती लागण्याआधी उचलायचं; सांधे कुणीही जोडो, या चित्रपटानं मोजायला घेतलीत ती माझीच माणसं.

२१ तारीख, शुक्रवार

दुसऱ्या रिळावर ब्लेड ठेवलं आणि कात्री आत आली. तिला काय दिसलं असेल? अनोळखी बाई, हातात ब्लेड, आणि अख्खं गाव ज्याची चौकशी करतंय तो चित्रपट. तिनं रीळ छातीशी धरलं. साहेब धावत आले, रखवालदाराला बोलावलं. मी म्हटलं, याला विचारा, हा ओळखतो मला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पुरेसं पाहिलं. त्याला सगळं आठवतंय, हे मला कळेपर्यंत.

"नाही साहेब. या बाईंना आजच बघतोय."

दंडाला धरून बाहेर काढलं. फाटक लावताना हळूच म्हणाला, सतरा मिनिटं.

दुपारी ३.४०

समोरच्या फुटपाथवर आहे. फाटकाला कुलूप, तो आत उभा. कात्रीचं टेबल खिडकीशी आहे. पुढ्यात सहावं रीळ. अकरा ठिकाणी फाटलंय, मी मोजलं होतं. सांधायंत्राची मूठ दाबली की एक सांधा. इथून दिसतं.

धाकटीचा फोन चालू ठेवलाय. बोलत राहा, म्हटलं, थांबू नकोस. ती हसतेय. बॅग भरून झाली म्हणते.

३.५५

तीन सांधे. विचारलं, लहानपणी आईच्या कुशीत कोण झोपायचं? आपण दोघी, म्हणाली. तू लाथा मारायचीस.

४.१०

सहा. पुन्हा तेच विचारलं. मी आणि आई, म्हणाली. मग म्हणाली, थांब हं, अजून कुणीतरी —

४.२०

आठ. खिडकीवर दगड मारला. कात्रीनं वर पाहिलं. पडदा ओढला.

आता मोजता येत नाही.

४.२५

गुडघ्यावरची खूण सांगितली तिला. मामाच्या जिन्यावरून पडलीस, मी उचललं. ऐकतेय. हं, हं करतेय. मधेच म्हणाली, तुम्ही रडू नका.

तुम्ही —

दहा झाले असतील. कदाचित नऊ. नऊच असतील —

फोन ठेवते म्हणाली. नको म्हटलं. थांबली. म्हणतेय, कोण आहात माहीत नाही, पण तुमचा आवाज कुठेतरी ऐकल्यासा